शिकारीचा बंदोबस्त: दिल्ली ते भरतपूर

अकबराच्या पदरी असलेल्या चित्त्यांना शनिवारी दुप्पट मांस मिळायचं. रविवारी जनावर कापायचं नाही असा दंडक होता, म्हणून दुसऱ्या दिवसाचा शिधा आदल्या दिवशीच घातला जाई. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त ही गोष्ट कोठीच्या हिशेबासारखी नोंदवून ठेवली आहे. चित्त्यांच्या आठ प्रती होत्या. पहिल्या प्रतीच्या चित्त्याला रोज पाच शेर मांस, शेवटच्या प्रतीच्याला पावणेतीन. देखभालीला दोनशेहून जास्त माणसं. घोड्यावरून नेण्याच्या चित्त्यामागे तीन नोकर, गाडीतून किंवा डोलीतून नेण्याच्या चित्त्यामागे दोन. शिकारकथा लिहिणारे सहसा हललेल्या गवतापासून आणि रोखलेल्या श्वासापासून सुरुवात करतात. अबुल फजलला शिध्याची, पगाराची आणि नेमणुकांची काळजी जास्त दिसते. माझ्या मते शिकार त्यालाच नीट कळली होती. बार काढणं हा तिचा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. त्याआधी रान राखावं लागतं, बातमी आणणारी माणसं पेरावी लागतात, हंगाम धरावा लागतो आणि शेकडो पोटांची सोय करावी लागते.

आजही कॅनडाच्या उत्तर टोकाला कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडियरच्या शिकारीला जाणारा माणूस हेच करतो. परवान्याचा अर्ज, तळ्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाची जागा, सामानाच्या वजनाचं गणित, आणि हंगाम सरत आला असेल तर बर्फ कधी पडेल याचा अंदाज. दिल्लीच्या आसपास असला बंदोबस्त साधारण सहाशे वर्षं चालला. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने त्याला दगडी घरं बांधून दिली आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संपवला. त्याच्या खुणा मेट्रो, रिक्षा आणि रेल्वेने फिरत आजही पाहता येतात. त्यासाठी हिवाळा सरतानाचे, धुकं विरल्यानंतरचे दिवस उत्तम.

पहिला मुक्काम एका रुग्णालयात.

उत्तर दिल्लीत रिजच्या टेकाडावर हिंदुराव रुग्णालय आहे. ओपीडीची गर्दी, चहाच्या टपऱ्या आणि रुग्णवाहिका ओलांडून आत गेलं की आवारातच ओबडधोबड दगडांची एक दुमजली इमारत उभी दिसते. तिला पीर गायब म्हणतात. इथे राहणारा एक पीर एके दिवशी नाहीसा झाला अशी आख्यायिका आहे. जाणकारांच्या मते हा फिरोजशाहच्या ‘कुश्क-ए-शिकार’ या शिकारमहालाचा उरलेला तुकडा. वरच्या मजल्यावर जमिनीतून थेट छतापार गेलेलं एक गोल भोक आहे. ते आकाशातले तारे पाहण्यासाठी असावं असं मानतात. शिकारमहालात वेधशाळा कशाला, हा प्रश्न मनात येतो खरा. पण फिरोजशाह हा एकाच वेळी दहा नाद असलेला माणूस होता.

महालाची जागा मात्र कसलेल्या शिकाऱ्याने निवडलेली आहे. टेकाडावरून एका बाजूला यमुनेचं खोरं, दुसरीकडे रान. हीच नजर लष्करालाही लागते. १३९८ साली दिल्लीवर चालून आलेल्या तैमूरने हल्ल्याआधी याच जागेची पाहणी केली, तेव्हा तिला जहाँनुमा म्हणत. १८५७मध्ये इंग्रजांनी बंडवाल्यांच्या दिल्लीवर तोफा रोखल्या त्याही याच रिजवरून, आणि हिंदुरावांच्या वाड्याचं नाकं सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी महिनोन्‌महिने धरून ठेवलं.

आता हे हिंदुराव कोण? दिल्लीत रोज हजारो लोक हे नाव उच्चारतात आणि त्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं की हा माणूस कागलचा. दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे, ज्यांनी १७९८मध्ये पुणेकरांना पैशासाठी सळो की पळो केलं, त्यांचे हे चिरंजीव आणि बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावं लागल्यानंतर हिंदुराव दिल्लीत स्थायिक झाले आणि त्यांनी रिजवरचा वाडा घेतला. तो वाडा बांधला होता विल्यम फ्रेझरने. फ्रेझर हा दिल्लीतला कंपनीचा बडा अधिकारी, स्कॉटलंडचा, आणि शिकारीचं अतोनात वेड असलेला. त्या काळात हरयाणाच्या माळरानांवर सिंह शिल्लक होते. घोड्यावर बसून भाल्याने सिंहाला भिडण्यात त्याला धन्यता वाटे.

या फ्रेझरचा शेवट शिकारीच्याच पद्धतीने झाला. फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन याने त्याला मारण्यासाठी करीम खान नावाचा नेमबाज दिल्लीला पाठवला. करीम खानाने कुत्री विकत घ्यायला आल्याचा बहाणा केला, शहरात मुक्काम ठोकला आणि सावजाची येण्याजाण्याची वाट, वेळ, सोबतची माणसं यांचा नीट अभ्यास केला. २२ मार्च १८३५च्या रात्री फ्रेझर घरी परतत असताना त्याने गोळी घातली. करीम खान आणि नवाब दोघेही फासावर गेले. कंपनीचा अधिकारी कर्नल स्लीमन याने ही हकीकत तपशिलात लिहून ठेवली आहे. ती वाचताना मचाणावरच्या शिकाऱ्याची टिपणं वाचतो आहोत असं वाटत राहतं.

रुग्णालयाजवळच रस्त्याकडेला एक तुटका सांधलेला खांब उभा आहे. तो अशोकाचा. मेरठला उभा असलेला हा स्तंभ फिरोजशाहने १३५६च्या सुमारास उचलून आणला आणि शिकारमहालात उभा केला. टोपऱ्याहून आणलेला त्याचा जोडीदार फिरोजशाह कोटल्यावर आहे. त्याच्या प्रवासाचं वर्णन इतिहासकार शम्स सिराज अफीफने केलं आहे: सावरीच्या कापसाच्या गादीवर निजवलेला खांब, त्याला गुंडाळलेली बोरू आणि कच्ची कातडी, बेचाळीस चाकांची गाडी आणि मग यमुनेवरच्या होड्या. एवढा खटाटोप झाला, पण खांबावरचं लेखन काही कुणाला वाचता येईना. बोलावलेल्या पंडितांनीही हात टेकले.

ते वाचलं गेलं १८३७मध्ये, कलकत्त्यात, जेम्स प्रिन्सेपकडून. आणि मग कळलं की अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ‘मारू नयेत’ अशा प्राण्यांची यादीच दिली आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघळं, कासवं, साळिंदर, खारी. गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्या मारायच्या नाहीत, आतल्या जिवांसकट तूस जाळायचं नाही, उगाच वणवे लावायचे नाहीत. मेरठच्या खांबावरही या लेखाचे तुकडे आहेत. म्हणजे सुलतानाने आपल्या शिकारमहालाची शोभा वाढवायला जो खांब मिरवत आणला, त्याच्यावर शिकारबंदीचा जाहीरनामा कोरलेला होता.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, दारूगोळ्याच्या स्फोटात हा खांब कोसळून त्याचे पाच तुकडे झाले. पुढे ते हिंदुरावांच्या आवारात पडून होते. त्यांनी ते एशियाटिक सोसायटीला देऊन टाकले. लेख असलेला भाग कापून कलकत्त्याला नेण्यात आला, नंतर परत आला, आणि १८६७मध्ये सगळे तुकडे जोडून खांब आज आहे तिथे उभा राहिला. पुण्याच्या इतिहासात घाटग्यांच्या घराण्याची आठवण लुटीसाठी काढतात. दिल्लीतल्या या देणगीची आठवणही कुणीतरी काढायला हवी.

मधल्या रिजवरची दोन ठिकाणं झटपट उरकण्यासारखी आहेत. करोल बागेजवळचा भुली भटियारीचा महाल आणि सरदार पटेल मार्गालगतच्या झाडीतला मालचा महाल, दोन्ही तुघलककालीन शिकारघरं. जाड भिंती, कमानी, बाहेर विलायती किकराचं रान. मालचा महालात १९८०च्या दशकापासून स्वतःला अवधच्या राजघराण्याची वारस म्हणवणारी एक बेगम मुलांसह राहत होती, आणि परदेशी पत्रकारांनी त्यावर भरपूर शाई खर्च केली. पुढे तो दावा खोटा असल्याचं उघड झालं. मला त्या गोष्टीपेक्षा इमारतींमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं. उत्तरेला पीर गायब, मध्ये ही दोन, दक्षिणेला महिपालपूरचा महाल. नकाशावर खुणा केल्या तर रिजच्या कण्यावर मुक्कामांची माळ दिसते. आणि दूरच्या रानांची व्यवस्थाही फिरोजशाहने लावली होती. नीलगायींसाठी बदायूँ आणि आंवल्याकडची जमीन पडीक ठेवण्याचा त्याचा हुकूम होता असं अफीफ सांगतो. हौसेसाठी शेतजमीन ओसाड ठेवणं, हा शिकारीच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा, आणि तो कुठल्याच जमाखर्चात दिसत नाही.

मुघलांनी हा कारभार आणखी वाढवला. मीर शिकार हा हुद्दाच होता. करावल, म्हणजे पुढे जाऊन सावजाचा माग काढणारे, रानात कायम तैनात असत. १६६०च्या दशकात दिल्लीत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निए लिहितो की दिल्ली-आग्र्याच्या आसपास आणि लाहोरच्या वाटेवर झुडपांचे आणि पुरुषभर गवताचे विस्तीर्ण पट्टे राखून ठेवले होते. तितर, लावे, ससे सोडले तर तिथल्या जनावरांना हात लावायची कुणालाही मुभा नव्हती. बादशहा निघाला की दोन छावण्या निघत. एकीत मुक्काम असताना दुसरी एक मजल पुढे जाऊन उभी राही. तिला पेशखाना म्हणत, आणि एवढ्या एका पेशखान्याच्या वाहतुकीला साठावर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत. सिंहाची शिकार तर बरेच दिवस आधीपासून रचली जाई. सिंहाच्या वाटेवर गाढव बांधायचं, त्याला चटक लावायची, आणि बादशहा जवळ आला की शेवटच्या गाढवाला अफू चारून बांधायचं. मग जाळ्या. मग चिलखती हत्तीवरून बंदूक. पराक्रमाच्या चित्रांत गाढव आणि अफू दिसत नाहीत हे काही नवल नाही.

बादशहाला शिकारीतून आणखी एक गोष्ट साधायची असे. अबुल फजल स्पष्टच म्हणतो की वरवर पाहणाऱ्यांना शिकार ही मौज वाटते, पण अकबर तिच्या निमित्ताने आधी वर्दी न देता मुलखात शिरून रयतेची आणि फौजेची हालहवाल पाहत असे. आजच्या मंत्र्यांच्या अचानक भेटींची खबर निदान आदल्या रात्री तरी पोचते.

पालमला आज इंदिरा गांधी विमानतळ आहे. मुंबई-पुण्याहून उतरणारा मराठी प्रवासी ज्या सपाटीवर पाय ठेवतो, तिथल्या परिसराची नावं जहांगीर आणि शाहजहान यांच्या शिकारींच्या नोंदींत येतात. काळवीट, चित्ते आणि पालम असं ते समीकरण होतं. चित्त्याची शिकार कशी रचायची याच्या तीन तऱ्हा ‘आईन’मध्ये आहेत. एकीत चित्ता सावजावर उघड सोडायचा. दुसरीत त्याला लपवून, लांबून हरण दाखवून दबकत जाऊ द्यायचं. तिसरीत वारा बघून चित्त्याला दडवून ठेवायचं आणि त्याची गाडी उलट्या दिशेला न्यायची, म्हणजे गोंधळलेलं हरण चुकीच्या बाजूला पळतं. यातलं मर्म गाडीत आहे. काळवीट माणसाला बुजतं, पण शेतातून जाणाऱ्या बैलगाडीला सरावलेलं असतं.

हे दृश्य मराठी मुलखाने विसाव्या शतकातही पाहिलं आहे. कोल्हापूरच्या शिकारखान्यात चित्ते होते, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. कागलच्याच घाटगे घराण्यातून दत्तक आलेले शाहू महाराज शिकारीचे मोठे शौकीन. डोळ्यांवर कातडी टोपी घातलेला चित्ता बैलगाडीत बसवायचा, गाडी कळपाच्या अंगाने फिरवत न्यायची, टोपी काढायची, साखळी सोडायची. हरण पडलं की चित्तेवान धावत जाऊन त्याचा गळा चिरणार, लाकडी डावात रक्त धरून चित्त्याला पाजणार आणि मगच त्याची पकड सुटणार. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. बंदिवासात चित्त्याची वीण जवळपास होतच नसे, त्यामुळे शिकारीसाठी लागणारा प्रत्येक चित्ता रानातून धरूनच आणावा लागे. शतकानुशतकं हेच चाललं. १९४७मध्ये मध्य भारतातल्या कोरिया संस्थानच्या राजाने शेवटचे तीन चित्ते मारल्याचं मानतात, आणि १९५२मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आले, तेव्हा विमान, हवामान, विलगीकरण, शिध्याची जनावरं असा जो बंदोबस्त झाला तो वाचून अबुल फजल खूश झाला असता.

काळवीट दिल्लीतून गेलं. नीलगाय मात्र टिकली. गुरुग्रामजवळच्या सुलतानपूरच्या पाणथळीत पक्षी पाहायला गेलेल्यांना ती हमखास दिसते. तिच्यावरून दिल्लीत मोठं राजकीय भांडणही झालं. पिकांचं नुकसान होतं म्हणून डिसेंबर २०१५मध्ये केंद्राने बिहारपुरती नीलगाय उपद्रवी ठरवली. जून २०१६मध्ये मोकाम्याला हैदराबादहून शिकारी बोलावून दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. केंद्रीय मंत्री मेनका गांधींनी जाहीर आगपाखड केली, ती आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर. तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांचं उत्तर होतं की राज्याने मागणी केली, कायद्यात तरतूद आहे, त्यानुसार परवानगी दिली. दोघांपैकी कुणाचं खरं यावर वाद घालता येईल. शेतकऱ्याची रात्र राखणीत जाते हे ज्याने पाहिलं आहे त्याला जावडेकरांची बाजू पटकन उडवून लावता येणार नाही.

या प्रवासाचं शेवटचं टोक भरतपूर. दिल्लीपासून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर असलं तरी २०१३पासून हा जिल्हा अधिकृतपणे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. इथलं केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणजे बंदोबस्ताचा कळस, कारण इथे शिकारीसाठी रान राखलं नाही, रान तयारच केलं. मूळचा सखल भाग, त्यात अजान बांधाचं पाणी कालव्यांनी आणून सोडलं, बंधारे आणि दारं घातली, कुठे किती पाणी ठेवायचं ते ठरवलं, बाभळी लावल्या. उथळ पाणी तयार झालं की उत्तरेकडून येणारी बदकं आपणच उतरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे काम झालं आणि डिसेंबर १९०२मध्ये लॉर्ड कर्झनच्या हजेरीत पहिली मोठी शिकार.

केवलादेवाच्या मंदिराजवळ दगडी पाट्या आहेत. तारीख, पाहुणे, मारलेले पक्षी. १९१६मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्डच्या मेजवानीत ४,२०६. १२ नोव्हेंबर १९३८ला लॉर्ड लिनलिथगोच्या वेळी ४,२७३, एका दिवसात. बंधाऱ्यांवर शिकाऱ्यांच्या जागा ठरलेल्या, पाणी ढवळून थवे उठवणारी माणसं ठरलेली, पक्षी गोळा करणारे वेगळे. कुणाचा नेम किती चांगला होता याला अशा ठिकाणी अर्थ उरत नाही. पाटीसमोर उभं राहून पर्यटक सेल्फी काढतात. मागे पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात.

हंगामी पाहुणे कायम येतच राहतील, या भरवशाचं काय होतं ते उत्तर अमेरिकेत दिसतं. कॅनडात क्वेबेक आणि लॅब्रॅडॉरमधला जॉर्ज नदीचा कॅरिबूंचा कळप १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सात-आठ लाखांचा होता. शिकारी तळांचा मोठा धंदा त्याच्यावर चाले. २०१८च्या मोजणीत साडेपाच हजार उरले. लॅब्रॅडॉरने २०१३मध्ये शिकार बंद केली, क्वेबेकने २०१८मध्ये हौशी शिकाऱ्यांचे परवाने थांबवले. एकट्या बंदुकीने हे झालं नाही. हवामान, चारा, खाणी, रस्ते यांचाही हात आहे. भरतपूरला सायबेरियन क्रौंच शेवटचे दिसले ते २००२च्या सुमारास. तेही इथल्या गोळ्यांनी गेले नाहीत, वाटेत गेले.

मुंबईचे पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी भरतपूरसाठी केलेली धडपड पक्षीप्रेमींना ठाऊक आहे. शेतीसाठी ही पाणथळ आटवण्याची मागणी होती, तेव्हा त्यांनी आपलं वजन दिल्लीत वापरलं. १९५६मध्ये अभयारण्य झालं, तरी राजघराण्याचा शिकारीचा हक्क १९७२पर्यंत राहिलाच. पुढे राष्ट्रीय उद्यान आणि १९८५मध्ये जागतिक वारसा. आपल्याकडे दाजीपूरचं असंच झालं: कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकाररान, १९५८पासून गव्यांचं अभयारण्य.

पण बांधलेल्या रानाला बांधलेलं पाणी लागतं. केवलादेवला वर्षाला साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी हवं. २००४च्या सुमारास करौलीच्या पांचना धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या विरोधामुळे अडलं आणि तळी कोरडी पडली. नंतर गोवर्धन नाल्यातून, चंबळच्या नळातून पाणी आणायची योजना झाली. महाराजांचा हुकूम होता तोवर हा प्रश्न आला नाही. आता दरवर्षी पावसाळ्याआधी वाटाघाटी कराव्या लागतात. माझ्या मते सरकारने क्रौंचांच्या आठवणींचे फलक कमी लावावेत आणि या पाण्याचा करार पक्का करावा.

जायचं असेल तर मुंबईहून अमृतसरला जाणारी गोल्डन टेम्पल मेल भरतपूरला थांबते, दिल्लीकरांना मथुरेवरून रस्ता सोपा. फेब्रुवारीचा मध्य उलटायच्या आत जा, कारण नंतर बदकं परतू लागतात. आत रिक्षा घ्या. चालवणाऱ्यांमध्ये बरेच सरदारजी आहेत आणि त्यांची पक्ष्यांची ओळख पुस्तक घेऊन फिरणाऱ्या पाहुण्यांपेक्षा पक्की असते. यंदा पाणी किती आलं, हे त्यांना आधी विचारा.